कंपनं मोजायला कोणता बोर्ड?

प्रश्न : मी लोणावळ्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तळेगाव एमआयडीसीतल्या मोटारींच्या बेअरिंगचा बिघाड कंपनांवरून ओळखायचा आहे. एसटीएम३२एफ४ डिस्कव्हरी घेऊ की सी२००० लाँचपॅड?

उत्तर : डिस्कव्हरी घ्या. त्यातली एसटीएम३२एफ४०७ चिप १६८ मेगाहर्ट्झवर चालते, दशांशांची आकडेमोड हार्डवेअरमध्येच करते आणि एफएफटीची (सिग्नलमधल्या वारंवारता वेगळ्या करणाऱ्या गणिताची) तयार लायब्ररी मोफत मिळते. सेकंदाला १०,००० नमुने घेऊन ४,०९६ बिंदूंचा एफएफटी करा. सुमारे अडीच हर्ट्झचा फरक कळेल. १,४४० आरपीएमच्या मोटारीचे २४ हर्ट्झ स्पष्ट दिसतील. मोटारीचा वेग नियंत्रित करायचा असेल, तर मात्र सी२०००च योग्य. पैसे चांगल्या सेन्सरवर घाला आणि तो बेअरिंगच्या हाउसिंगवर घट्ट बसवा. सैल सेन्सरचा सिग्नल कोणताही बोर्ड सुधारू शकत नाही.