सौर पंप बसविण्यापूर्वी विहीर मोजा

विहिरीवरचे डिझेल इंजिन काढून तेथे सौर पंप बसविण्याकडे जालना जिल्ह्यातील शेतकऱ्यांचा कल वाढत आहे, ही समाधानाची बाब आहे. ५ अश्वशक्तीचे इंजिन तासाला साधारण १ लिटर डिझेल जाळते. वर्षाकाठी ते ४०० तास चालले आणि डिझेलचा भाव लिटरला ९० रुपये धरला, तर ३६,००० रुपये धुरात जातात. शिवाय १ लिटर डिझेलपासून सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. म्हणजे अशा एका इंजिनातून वर्षाला १ टनापेक्षा जास्त. हाच वायू वातावरणात साठून तापमान वाढते आणि पावसाचा नेम बिघडतो. २०२३ साली दुबई येथील जागतिक हवामान परिषदेत कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या वापरापासून टप्प्याटप्प्याने दूर जाण्याचे देशांनी मान्य केले.

विजेच्या पंपाला धूर नाही असे आपण म्हणतो, परंतु राज्यातील बरीचशी वीज अजूनही कोळशावरच तयार होते. कोळशाच्या केंद्रालाही पाणी लागतेच. २०१२ च्या दुष्काळानंतर फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले. त्याच उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या. टँकरने पाणी घालूनही अनेकांना उभी झाडे तोडावी लागली. ज्यांनी तो उन्हाळा पाहिला त्यांना अधिक सांगणे नको.

म्हणूनच सौर पंपाबाबत एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे आवश्यक वाटते. डिझेल महाग असल्याने शेतकरी इंजिन गरजेपुरतेच चालवीत असे. खर्चाचा तो लगाम सौर पंपाने सुटतो. ऊन फुकट, म्हणून पंप सकाळी सुरू करून संध्याकाळपर्यंत चालू ठेवला जातो. आपल्याकडे पाऊस सरासरी साडेसहाशे ते सातशे मि.मी., खाली काळा पाषाण आणि विहिरीचा पाझर बेताचा. इंधन वाचले आणि विहीर आटली, तर बाग काही वाचणार नाही.

विहिरीचा हिशोब

५ अश्वशक्तीचा सौर पंप स्वच्छ उन्हाच्या दिवशी ३० मीटर उंचीवर साधारण १ लाख लिटर पाणी उचलतो. उंची दुप्पट झाली की पाणी निम्म्यावर येते. आता विहिरीकडे पाहू. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजावा, त्याला त्याच आकड्याने गुणावे व आलेल्या उत्तराला ०.७८५ ने गुणावे. ६ मीटर (सुमारे २० फूट) व्यासाच्या विहिरीत १ मीटर उंचीच्या थरात २८ हजार लिटर पाणी असते. म्हणजे दिवसभर चाललेला पंप अशा विहिरीतील साडेतीन मीटर थराइतके पाणी उपसतो.

पाझर मोजण्यास यंत्राची गरज नाही. दोरीला दगड बांधून दर अर्ध्या मीटरवर गाठ मारावी. संध्याकाळी ६ वाजता उपसा बंद करून पाण्याची पातळी पाहावी आणि सकाळी ६ वाजता पंप सुरू करण्यापूर्वी पुन्हा पाहावी. रात्रीतून पाणी १ मीटर चढले, तर २४ तासांचा पाझर सुमारे ५६ हजार लिटर झाला. ही विहिरीची रोजची मिळकत; त्यापेक्षा जास्त उपसा म्हणजे साठ्यातील मोड होय. हे मोजमाप दिवाळीनंतर एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा करावे. बागेचे नियोजन मात्र एप्रिलच्याच आकड्यावर करावे. दिवाळीनंतरचा आकडा मन मोठे करतो, एवढाच त्याचा उपयोग!

६ × ६ मीटर अंतरावरील मोसंबीची एकरी ११० झाडे बसतात. पूर्ण वाढलेल्या झाडास भर उन्हाळ्यात दिवसाला १२० लिटर पाणी धरल्यास २ एकरांस २६,४०० लिटर लागतात. वरील विहिरीत हे सहज बसते, पण ठिबक असेल तरच. मोकाट पद्धतीने दिलेले १ लाख लिटर पाणी एका एकरात जेमतेम २५ मि.मी. भरते.

पंप किती अश्वशक्तीचा घ्यावा?

२०२४ मध्ये सुरू झालेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ अश्वशक्तीचा पंप अशी मर्यादा आहे. सर्वसाधारण गटातील शेतकऱ्यास किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यास ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. पात्रतेपेक्षा लहान पंपही मागता येतो. शेजाऱ्याने साडेसात घेतला म्हणून आपणही तोच घ्यावा, असे करू नये. विहिरीचा पाझर कमी असल्यास लहान पंपच योग्य.

सकाळी व सायंकाळी ऊन तिरपे असल्याने पंपाचा दाब कमी राहतो. त्यामुळे ठिबकच्या शेवटच्या झाडांना पाणी कमी मिळते. बागेचे दोन-तीन भाग पाडून विहिरीजवळचा भाग सकाळी आणि लांबचा किंवा चढावरचा भाग ११ ते ३ या वेळेत भिजवावा. सौर पट्ट्या दक्षिणेकडे तोंड करून सुमारे २० अंशांच्या उतारावर बसवाव्यात. एका पट्टीवर लिंबाच्या फांदीची सावली पडली, तरी जोडणीतील सर्वच पट्ट्यांची वीज घटते. धूळ आठवड्यातून एकदा सकाळी लवकर पाण्याने धुवावी. भर दुपारी तापलेल्या काचेवर पाणी ओतू नये, काच तडकते. मे महिन्यातील वादळांचा विचार करून खांबांचा पाया पक्का करून घ्यावा. वीजरोधक व अर्थिंग बसविल्याशिवाय काम पूर्ण झाल्याची सही देऊ नये.

जुने इंजिन लगेच विकावे काय, असा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात. एक पावसाळा व एक उन्हाळा ते राहू द्यावे. सलग ढगाळ दिवसांत पिकास पाणीही कमी लागते, त्यामुळे त्याची गरज क्वचितच पडेल. वर्षभरात ते किती तास चालवावे लागले, याची नोंद वहीत ठेवावी आणि मग विक्रीचा निर्णय घ्यावा.