श्रद्धावंताने रडावे काय?



मयताच्या घरी आपण पटकन म्हणतो, "रडू नका, देवाची इच्छा!" पण श्रद्धावंताने रडूच नये काय?

संत मोनिका 387 साली ओस्तिया येथे वारली. मुलाने, संत अगस्तीनने, अंत्यविधीत अश्रू आवरले. पुढे एकांतात देवासमोर तो रडला, तेव्हाच त्याला विसावा मिळाला.

लाजरसला आपण उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू येशू रडला (योहान 11). म्हणजे अश्रू हा अविश्वास नव्हे. संत पौल शोकाला मनाई करत नाही, निराशेला करतो (1 थेस्सल 4).

आपले माणूस प्रभूच्या हाती आहे, पुन्हा भेट होणार आहे, ही आशा अश्रूंतही टिकते. तोच ख्रिस्ती आनंद.

या आठवड्यात एखाद्या दुःखी घरी जा. उपदेश नको, शेजारी बसा, मिळून रोझरी म्हणा.

- आपला धर्मगुरू