अकरावीच्या भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा

दहावीची परीक्षा उत्तीर्ण होऊन कनिष्ठ महाविद्यालयाच्या विज्ञान शाखेत प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या जीवनात एकाच वेळी अनेक बदल घडून येतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास बहुतेक ठिकाणी विज्ञान विषय इंग्रजीतून शिकावे लागतात. विज्ञानाच्या एकत्रित विषयाऐवजी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र अशी स्वतंत्र पुस्तके हाती येतात. आणि प्रथमच ‘प्रॅक्टिकल’ नावाचा तास वेळापत्रकात दिसू लागतो. या वर्षाचे गुण बोर्डाच्या बारावीच्या निकालात धरले जात नाहीत. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या १०० गुणांपैकी ३० गुण प्रात्यक्षिकासाठी राखून ठेवलेले असले, तरी ते पुढच्या वर्षीचे. त्यामुळे अकरावीची प्रयोगशाळा हे सर्वांत सहज टाळता येणारे काम ठरले आहे. वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांत विद्यार्थ्याच्या हाती कोणतेही उपकरण दिले जात नाही. प्रायोगिक कौशल्यांवरील प्रश्नही तेथे कागदावरच सोडवावयाचे असतात. नाव महाविद्यालयात आणि हजेरी शिकवणी वर्गात, ही परिस्थिती अनेक गावांतील पालकांच्या परिचयाची आहे.

वर्षभर चालणाऱ्या या अभ्यासक्रमात प्रयोगशाळेने नेमके काय द्यावयाचे असते, याचा विचार त्यामुळे अगत्याचा ठरतो.

मोजणीची पहिली ओळख

आरंभीचे प्रयोग अगदी साधे असतात. व्हर्निअर कॅलिपरने ठोकळ्याची लांबी किंवा पोकळ नळीचा आतील व्यास मोजावयाचा, आणि स्क्रू गेजने तारेची जाडी. सर्वसाधारण व्हर्निअरचे लघुतम माप ०.१ मिलिमीटर व स्क्रू गेजचे ०.०१ मिलिमीटर असते. विद्यार्थ्यास येथे प्रथमच कळते की, प्रत्येक उपकरणाच्या अचूकतेस मर्यादा आहे आणि ती मर्यादा उत्तराबरोबर सांगावी लागते. अर्धा मिलिमीटर जाडीची तार मोजताना ०.०१ मिलिमीटरचा फरक म्हणजे २ टक्के. त्याच तारेचा काटछेद काढावयाचा झाल्यास जाडीचा वर्ग करावा लागतो, आणि तोच फरक ४ टक्के होतो. पुढे तारेच्या ताणाचा किंवा विद्युतरोधाचा प्रयोग करताना या ४ टक्क्यांची आठवण ठेवावी लागते.

दुसरी गोष्ट शून्य दोषाची. स्क्रू गेजचे जबडे पूर्ण मिटले असता त्यावरील शून्य रेघेशी जुळतेच असे नाही, आणि बऱ्याच वर्षांच्या वापरातील उपकरणात ते सहसा जुळत नाही. अशी उपकरणे निरुपयोगी म्हणून कपाटात ठेवून देण्याची प्रवृत्ती आढळते. वास्तविक शिकविण्याच्या दृष्टीने नव्यापेक्षा तीच अधिक उपयुक्त होत. ज्याचे शून्य जुळत नाही त्याच उपकरणावर दुरुस्ती कशी करावी हे शिकता येते.

लंबकाचा प्रयोग

या वर्षातील सर्वांत बोलका प्रयोग साध्या लंबकाचा. दुभंगलेल्या बुचात दोरा अडकवून त्यास धातूचा गोळा टांगावयाचा, तो थोडासा बाजूस ओढून सोडावयाचा आणि २० दोलनांस लागणारा वेळ मोजावयाचा. त्यास २० ने भागले की दोलनकाल मिळतो. लंबकाची लांबी सेंटीमीटरमध्ये घेऊन तिला ३९.४८ ने, म्हणजे पायच्या वर्गाच्या चौपटीने, गुणावे आणि दोलनकालाच्या वर्गाने भागावे. उत्तर म्हणजे त्या ठिकाणचे गुरुत्वीय त्वरण, सेंटीमीटर प्रति वर्ग सेकंद या एककात.

८० सेंटीमीटर लांबीच्या लंबकास २० दोलनांसाठी सुमारे ३५.९ सेकंद लागतात. यावरून उत्तर ९८० येते. स्टॉपवॉच दाबण्यास क्षणभर उशीर होऊन ३६ सेकंद नोंदले गेले, तर उत्तर ९७५ येते, ३६.१ झाले तर ९६९. उलट बाजूस ३५.७ सेकंदांची नोंद ९९१ देते. मनुष्याचा हात डोळ्यांमागे सुमारे ०.२ सेकंद असतो. म्हणजे काळजीपूर्वक प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्तरही ९७० ते ९९० यांच्या दरम्यान कोठेही येऊ शकते. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गातील चाळीसही नोंदवह्यांत ९८१ हेच उत्तर असेल, तर त्या वर्गात प्रयोग झालेला नाही, एवढे निश्चित समजावे.

चुकीची उत्तरे शिक्षकास त्याहून बरेच अधिक सांगतात. एखाद्याचे उत्तर १०८४ च्या आसपास आले, तर त्याने लंबक सोडताना ‘शून्य’ ऐवजी ‘एक’ म्हटले असले पाहिजे. मग २० म्हणून मोजलेली दोलने प्रत्यक्षात १९ च असतात, आणि उत्तर जवळजवळ ११ टक्क्यांनी फुगते. उत्तर वारंवार ९६६ च्या जवळ येत असेल, तर दोऱ्याची लांबी गोळ्याच्या केंद्रापर्यंत न मोजता वरच्या टोकापर्यंतच मोजली असण्याचा संभव असतो. दोन सेंटीमीटर व्यासाच्या गोळ्याची एक सेंटीमीटर त्रिज्या सुटली की हा फरक पडतो. ९४५ आले, तर लंबक ३० अंशांएवढा मोठ्या कोनातून सोडला असावा. वरील सूत्र लहान कोनापुरतेच खरे आहे. वैद्याने नाडी पाहावी तशी शिक्षकाने ही उत्तरे पाहावयाची असतात. विद्यार्थ्याने मागील वर्षाच्या जर्नलमधून ९८१ उतरवून घेतले की निदानाचे हे साधनच नाहीसे होते. त्यास चांगले गुण मिळतात, मात्र ‘शून्य’ ऐवजी ‘एक’ म्हणण्याची सवय तशीच राहते.

आलेखाचाही येथे मोठा उपयोग आहे. ४०, ६०, ८० व १०० सेंटीमीटर अशा चार लांब्या घेऊन प्रत्येकीच्या दोलनकालाचा वर्ग आलेखावर मांडला की सरळ रेषा मिळते. गोळ्याची त्रिज्या सर्वच लांब्यांत सुटली असली, तरी रेषेचा उतार बदलत नाही. फक्त ती आरंभबिंदूतून न जाता आडव्या अक्षास त्रिज्येइतक्या अंतरावर डावीकडे छेदते. त्यामुळे गुरुत्वीय त्वरण बरोबर मिळते आणि काय विसरले होते तेही कळते. हे पाहून चकित न होणारा विद्यार्थी विरळा.

९८१ हा आकडा कोठला ?

पुस्तकांतून आढळणारा ९८१ हा आकडा मुळात महाराष्ट्राचा नाही. १९०१ साली वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ९८०.६६५ हे प्रमाण मूल्य ठरविले. ते साधारणतः ४५ अंश अक्षांशाचे आहे. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असून स्वतःभोवती फिरते, यामुळे विषुववृत्ताकडे येताना हे मूल्य घटत जाते. १९ अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीस, ते सुमारे ९७८.६ असते, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर त्याहूनही किंचित कमी. १६७२ साली झ्यां रिशे या फ्रेंच ज्योतिर्विदास दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे असे आढळून आले की, पॅरिसला बरोबर चालणारे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाकाठी सुमारे अडीच मिनिटे मागे पडते. न्यूटनने आपल्या १६८७ च्या ग्रंथात पृथ्वीच्या आकाराच्या विवेचनासाठी या निरीक्षणाचा आधार घेतला. घड्याळ बिघडले असे म्हणून रिशेने ती नोंद सोडून दिली असती तर तो आधार मिळाला नसता.

आसपासच्या परिस्थितीचा मोजणीवर होणारा परिणाम महाराष्ट्रातही मोठ्या प्रमाणावर अनुभवास आला आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय निरीक्षणे त्यांच्या प्रवाहाने बिघडतील हे ध्यानी घेऊन अलिबाग येथे १९०४ साली नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. दोन्ही ठिकाणच्या नोंदींचा मेळ बसावा म्हणून काही काळ दोहोंकडे एकाच वेळी निरीक्षणे घेण्यात आली. चुंबकमापीचा प्रयोग लोखंडी टेबलावर मांडून उत्तर चुकले म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास हा इतिहास अवश्य सांगावा.

गावाच्या दप्तराशी संबंध

हा सर्व खटाटोप भावी अभियंत्यांपुरताच आहे, असा समज होण्याचा संभव आहे. तथापि महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तर तो अतिवृष्टी गणला जातो, हे पंचायत सदस्यांस चांगलेच ठाऊक असते. ६४ आणि ६६ यांतील अंतर नुकसानीच्या पंचनाम्यापर्यंत जाऊन पोहोचते. मोजपात्रातील पाण्याचा पृष्ठभाग काचेलगत वर चढलेला असतो. नोंद मधल्या खालच्या पातळीची घ्यावयाची, आणि डोळा त्याच उंचीवर ठेवावयाचा. उभ्यानेच वरून पाहिले की आकडा बदलतो. स्वयंचलित केंद्राच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकला असेल, तर त्या यंत्रातही पाऊस कमी दिसतो. ही नोंद घेणारे, तपासणारे आणि तिच्याविषयी तक्रार करणारे अशा तिन्ही पक्षांत एके काळी अकरावीच्या प्रयोगशाळेतून गेलेली माणसे असतात.

साधनांची उणीव ही खरी अडचण आहे. प्रयोगशाळा सहायकाची जागा रिक्त असेल, तर एकट्या शिक्षकास तीस-चाळीस विद्यार्थ्यांची तुकडी सांभाळणे कठीण जाते. परंतु लंबकाच्या प्रयोगास दोरा, गोळा, बूच, मोजपट्टी आणि घड्याळ यांपलीकडे काही लागत नाही. स्टॉपवॉच नसल्यास शिक्षकाचा भ्रमणध्वनी चालतो. त्यावर सेकंदाचा शंभरावा भाग दिसतो खरा, पण बटण दाबणाऱ्या बोटाचा उशीर त्याने कमी होत नाही. तो उशीर पातळ करावयाचा तर दोलनांची संख्या वाढवावी लागते. ८० सेंटीमीटरच्या लंबकाची ५० दोलने दीड मिनिटात पुरी होतात, आणि ०.२ सेकंदाच्या चुकीमुळे उत्तरात पडणारा फरक ११ वरून ४ च्या आसपास येतो.