“उशिरा बोलेल” म्हणून किती थांबायचे?



पालघर जिल्ह्यातील पाड्यांवर मातांच्या बैठका घेताना एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला जातो : “बाई, पोर तीन वर्षांचं झालं, हाक मारली तरी बघत नाही. बहिरं आहे का?” घरात कोणी म्हणते, बापही उशिराच बोलला होता. कोणी भगताकडे नेते. कोणी आईलाच बोल लावते. यात दोन वर्षे निघून जातात, आणि शिकवण्यासाठी सर्वांत मोलाची वर्षे तीच असतात. म्हणून या अंकात स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, समजून घेऊ.

१. हे काय आहे?
स्वमग्नता हा मेंदूच्या वाढीतील फरक आहे. १९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या निरीक्षणावरून त्याचे वर्णन केले. पुढे बरीच वर्षे आईच्या कोरडेपणाला दोष दिला गेला. तो समज खोटा ठरला आहे. लशीमुळे असे होते हेही खरे नाही. तसे सुचवणारा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. करणी, बाहेरची बाधा किंवा आईवडिलांचे पाप, यांपैकी काहीही याचे कारण नाही.

२. काय पाहावे?
वर्षाचे बाळ नावाने हाक मारल्यावर वळत नाही. दीड वर्षाचे मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नाही, किंवा आलेले शब्द विसरते. तीच हालचाल पुन्हा पुन्हा करते. लग्नातला तारपा किंवा बँड ऐकून कान झाकते. प्रत्येक मुलात सगळे दिसेलच असे नाही. एका लक्षणावरून निदानही होत नाही. पण आलेले शब्द गेले, तर एक दिवसही थांबू नये.

३. कोठे जावे?
आधी कानांची तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. ते कधी येणार हे अंगणवाडीताईंना विचारावे. त्याची वाट पाहण्यापेक्षा आशाताईंबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणे अधिक बरे. तेथून जिल्हा पातळीवर पाठवतात. ‘इसा’ या भारतीय मापनपद्धतीत चाळीस बाबी तपासल्या जातात. तपासणाऱ्यांना आवर्जून सांगावे, “आमच्या घरी वारली बोलतात.” मराठी सूचना न समजणे आणि सूचनाच न समजणे यांत फरक आहे. दोन भाषांमुळे स्वमग्नता होत नाही. घरची बोली सोडू नये.

४. दाखला कशासाठी?
२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. दाखला म्हणजे मुलावरचा शिक्का नव्हे, ती हक्काची किल्ली आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास सहा ते अठरा वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विम्याची सोय आहे.

५. घरी काय करावे?
स्वमग्नता घालवणारे औषध नाही. पैसे घेऊन तसे वचन देणाऱ्यापासून दूर राहावे. एका वेळी एकच छोटी सूचना द्यावी : “तांब्या आण.” वस्तू दाखवावी, मग थांबावे. जेवण, आंघोळ, झोप यांचा क्रम रोज तोच ठेवावा. बदल होणार असेल तर आधी सांगावे. मुलाने मान हलवली किंवा हात धरून नेले, तर तेही बोलणेच समजावे.

६. आपला वाटा
तालुक्याला जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते आणि गाडीभाडे लागते. पहिल्या खेपेनंतर अनेक पालक याच कारणाने थांबतात. त्या दिवशी सोबत जाणे, अर्ज भरून देणे, घरी राहिलेली भावंडे सांभाळणे, हे आपल्याला जमण्यासारखे आहे. उपासनेत असे मूल उठून फिरले, तर आईकडे वळून पाहू नका. दाराजवळची जागा त्यांच्यासाठी ठेवा.

चर्चेसाठी प्रश्न
• आपल्या मंडळीत किंवा पाड्यात कोणते मूल कार्यक्रमांना कधीच आणले जात नाही? का?
• त्या घरी या आठवड्यात कोण जाईल?
• पुढच्या तपासणीला सोबत कोण जाईल?