स्वमग्न बालके : उपचारांचे तास आणि पालकांचे प्रशिक्षण

अडीच-तीन वर्षांचे बालक हाकेला वळून पाहत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, अशी तक्रार घेऊन पालक आपल्याकडे येतात. मेध्य औषधाची अपेक्षा असते. शिवाय चिंताही असते की, ‘आठवड्याला ४० तास थेरपी सांगितली आहे, ती परवडत नाही. आता काय?’ या प्रश्नाचे उत्तर वैद्यास ठाऊक असावे, म्हणून हा विषय आम्ही मांडीत आहोत.

४० तासांचा आकडा अमेरिकेतील लोवास यांच्या १९८७ च्या अभ्यासातून रूढ झाला. १९ बालकांपैकी ९ बालके सामान्य बुद्ध्यंकासह सर्वसाधारण शाळेत रुळली. मात्र गटांची विभागणी यादृच्छिक नव्हती. २००० साली स्मिथ प्रभृतींनी २८ बालकांची यादृच्छिक विभागणी केली. एका गटास आठवड्याला सरासरी सुमारे २५ तास उपचार, तर दुसऱ्या गटातील पालकांना काही महिने आठवड्याला ५ तास प्रशिक्षण दिले. बुद्धी व भाषेत पहिला गट सरस ठरला; दैनंदिन व्यवहार व वर्तनसमस्यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

२०२४ मध्ये १४४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात तासांची संख्या आणि लाभ यांचा भक्कम संबंध दिसला नाही. तात्पर्य, केवळ तास मोजणे पुरेसे नाही.

आपल्या परिस्थितीस जवळचा अभ्यास २०१६ सालचा, गोवा व रावळपिंडी येथील आहे. त्यात ६५ बालके होती. विशेषज्ञ नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत १२ सत्रे घेतली. पालक-बालकाच्या खेळाचे चित्रीकरण पालकांनाच दाखवून, बालकाच्या संकेतास प्रतिसाद कसा द्यावा, हे शिकविले. पालकांचा प्रतिसाद सुधारला व बालके आपणहून अधिक संवाद साधू लागली. परस्पर सामायिक लक्षाचा काळ मात्र घटला, हेही नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

आपले कर्तव्य काय? स्वमग्नतेची मूळ लक्षणे दूर करणारे सिद्ध औषध आज कोणत्याही पद्धतीत नाही. म्हणून ‘सहा महिने औषध देऊन पाहू’ असे म्हणून मोलाचा काळ दवडू नये. श्रवणतपासणी करवून बालकास त्वरित बालविकास-तज्ज्ञाकडे वा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे. मलावष्टंभ, अग्निमांद्य यांची चिकित्सा अवश्य करावी. पारद वा नागयुक्त कल्प टाळावेत. औषधालयचालकांनीही ‘ऑटिझमवर खात्रीशीर’ अशी विक्री करू नये.

आणि ४० तास न परवडणाऱ्या मातेस अपराधी वाटू देऊ नये. घरातील खेळ, स्नान, भोजन हेही शिकविण्याचेच प्रसंग आहेत. ते कसे वापरावे, हे तिला शिकता येते. हे तिला प्रथम सांगावे, औषधाची पुडी नंतर.