वजन वाढले म्हणजे तब्येत सुधारली?

एचआयव्हीची औषधे घेणाऱ्या रुग्णांच्या घरची माणसे मला हमखास विचारतात, "डॉक्टर, अंगानं भरलाय, म्हणजे बरा झाला ना?" पूर्वी औषधे नव्हती तेव्हा हा आजार म्हणजे खंगत जाणे, हेच ठाऊक होते. म्हणून मायेने शिरा, लाडू, दूध-साखर भरवीत. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटीची मोफत औषधे सुरू केली. आज नियमित गोळी घेणारा रुग्ण दीर्घायुष्य जगू शकतो. मात्र भरवण्याची सवय तशीच राहिली.

या सवयीतही मुलुखाप्रमाणे फरक पडतो. कऱ्हाड, वाळवा, मिरज हा कृष्णाकाठ उसाचा. कारखान्याची सभासदाची साखर घरात, गूळ-काकवीही हाताशी. तिथे गोड कोणी मोजत नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी भागात जेवण भाकरी-कालवणाचे, गोड सणावाराचे. पण पोटासाठी मुंबईला किंवा गलाईच्या धंद्यात परमुलखी गेलेला माणूस दिवसभर चहावर राहतो. म्हणून पहिल्याला मी घरातल्या डब्यांविषयी विचारतो, दुसऱ्याला चहाच्या कपांविषयी.

हिशेब सोपा आहे. दोन चमचे साखरेचे पाच कप चहा म्हणजे सुमारे ४० ते ५० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २००० उष्मांकांच्या आहारात ही मर्यादा ५० ग्रॅमची. २५ ग्रॅमच्या आत राहिल्यास अधिक चांगले. "गूळ चालतो" हा समजही सोडावा. गूळ म्हणजे बव्हंशी साखरच.

वजन वाढण्याचे कारण केवळ गोड नव्हे. डोल्युटेग्रॅव्हिर असलेल्या गोळीनेही काहींचे वजन वाढते. म्हणून गोळी मनाने बंद करू नये. तसे केल्यास विषाणू पुन्हा डोके वर काढतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असल्यास एआरटी केंद्रातील डॉक्टरांना जरूर सांगावे, कारण तिचा डोस बेताने ठरवावा लागतो.

दर महिन्याला वजन करावे, पोटाचा घेर मोजावा. रक्तातील साखर किती दिवसांनी तपासायची, हे डॉक्टरांना विचारावे. आणि वजन अकारण उतरू लागले, खोकला किंवा ताप हटेना, तर क्षयाची तपासणी विनाविलंब करावी.

घरच्यांना एवढेच सांगणे: माया कमी करू नका, चहातला एक चमचा कमी करा!