धातूचे सूक्ष्मकण आणि विषाणू

हरभऱ्याला मर लागली म्हणजे उभे पीक वाळून जाते, हे मुरुडच्या शिवारात कोणाला सांगावे लागत नाही. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम नावाची बुरशी हा रोग आणते. याच जातीच्या बुरशीकडून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अबसार अहमद, डॉ. मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी ५ ते १५ नॅनोमीटरचे चांदीचे कण तयार करवून घेतले. हे संशोधन २००३ साली प्रसिद्ध झाले. पुढे अमरावती विद्यापीठात डॉ. महेंद्र राय यांनीही अशा कणांवर दीर्घकाळ काम केले. मी कला शाखेचा विद्यार्थी. पण शेतकऱ्याचा वैरी प्रयोगशाळेत कारागीर होतो, हे वाचून या विषयाचे कुतूहल वाटले.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. एक सेंटिमीटर बाजूच्या चांदीच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचे १० नॅनोमीटरचे घन केले, तर चांदी तेवढीच राहते. पृष्ठफळ मात्र ६०० चौरस मीटर होते. धातूची क्रिया पृष्ठभागावरच चालत असल्याने कणांचे बळ यातच आहे.

विषाणूला वाढण्यासाठी सजीव पेशीत शिरावे लागते आणि त्याआधी तिला चिकटावे लागते. एड्सच्या विषाणूच्या आवरणावर यासाठी प्रथिनांच्या गुठळ्या असतात. १ ते १० नॅनोमीटरचे चांदीचे कण या विषाणूला चिकटतात आणि बहुधा त्या गुठळ्याच अडवतात, असे अमेरिका व मेक्सिकोतील संशोधकांनी २००५ साली दाखविले. विषाणूची किल्लीच झाकली गेल्यावर पेशीचे कुलूप उघडणार कसे?

परंतु हे घडले ते प्रयोगशाळेतील पेशींवर. शरीरात गेलेली चांदी साचत जाते आणि कातडी कायमची निळसर-राखाडी होऊ शकते. चांदीच्या द्रावणांची औषधे सुरक्षित व गुणकारी मानता येत नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ साली दिला. करोनाचा विषाणू तांब्याच्या पृष्ठभागावर चार तासांनंतर जिवंत आढळला नाही, प्लास्टिकवर मात्र तीन दिवसांपर्यंत आढळला, असे २०२० साली दिसून आले. त्यावरून तांब्यातले पाणी प्यायल्याने करोना बरा होतो, असे ठरत नाही.

‘विषाणू निकामी होतो’ आणि ‘रोगी बरा होतो’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्याचा पुरावा दाखवून दुसऱ्याची बाटली विकली जाते. अशा वेळी कर्ता आणि क्रियापद तपासून पाहणे, हे भाषेच्या विद्यार्थ्याचेही काम आहे.